चढत्या वजनाचा नवस

परवा डॉक्टरांनी मला साखर असल्याचं सांगितलं. वर 'गुरुजी, आता गोड फक्त बोलायचं' असा विनोदही केला. हा विनोद ते दिवसातून कितीदा करत असतील कोण जाणे. घरी आलो तर सुनेनं चहा बिनसाखरेचा केला होता, मुलानं फिरायला जायचे बूट आणून दाराशी ठेवले होते आणि नातीनं माझ्या कपाटातला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा जप्त केला होता. सगळं घर माझ्या पथ्याच्या मागं हात धुऊन लागलेलं. मी कुरकुरत बूट घालायला बसलो आणि मला एकदम मल्लिनाथ आठवला. सगळं घर पथ्य मोडायच्या मागं लागलंय असा मी पाहिलेला तो एकच रोगी. आणि रोगी तरी केवढा? विशीच्या आतबाहेरचा.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. नळदुर्गापासून दोन कोसांवरच्या आमच्या खेड्यातून मी हैदराबादला युनिव्हर्सिटीत शिकायला गेलो. अंगात नवा सदरा, डोक्यात उर्दूची धास्ती आणि खिशात वडिलांनी सांगितलेलं एकच नाव: नळदुर्गच्या गुळाच्या आडत्याचा मुलगा, मल्लिनाथ. हॉस्टेलच्या फाटकावर मी त्याचं नाव घेतलं तेव्हा पहारेकरी हसला. "वो मोटेमियाँ? सीधा जाओ, जहाँ से खाने की खुशबू आए वहीं मिलेंगे," म्हणाला. आणि खरोखर, वास येईल तिकडं गेलो तर एका खोलीत जमिनीवर पंचा पसरून एक प्रचंड मुलगा बसला होता, डोळे मिटून भाकरीवर लोण्याचा गोळा चोळत. डोळे न उघडताच त्यानं मला बसायला सांगितलं. कुठला, कुणाचा, हे त्यानं भाकरी संपल्यावर विचारलं.

जेवताना डोळे मिटायची त्याला सवयच होती. देवापुढं माणसं मिटतात तसे. मधेच कुणी बोललं तर त्याला राग येई आणि त्याला राग येण्याचा हा एकच प्रसंग. एरवी तो स्वतःच्या लठ्ठपणावर आमच्याआधी हसून घ्यायचा. हॉस्टेलची खाट त्यानं पहिल्याच महिन्यात मोडली होती, म्हणून त्याला लाकडी तख्तपोस मिळाला होता. टांगा ठरवायला गेलो की टांगेवाला आधी त्याच्याकडं बघे, मग घोड्याकडं बघे आणि नाही म्हणे. मग आम्ही त्याला कोपऱ्यावर उभं करून टांगा ठरवायचो आणि टांगा निघाल्यावर त्याला मधेच उचलायचो. 'उचलायचो' हा शब्द आपला बोलायचा. तो चढायचा आणि घोडा मान वळवून बघायचा.

जन्म गुळाच्या आडतीत गेलेला. चिमूटभर गूळ नाकाशी नेला की तो कुठल्या गुऱ्हाळाचा, काहिलीत जरा जास्त कढलाय की कमी, हे तो सांगायचा. महिन्यातून एकदा हैदराबादला येणाऱ्या कुणा ना कुणा माणसाबरोबर घरून त्याला एक पत्र्याचा डबा यायचा. त्यात तुपातले लाडू, शेंगापोळ्या, वर गुळाचे खडे. तो डबा आला की आमच्या मजल्यावर सण असायचा. मल्लू निम्मा डबा बसल्या बैठकीला संपवी आणि उरलेला आम्हाला वाटी. शिवाय एवढं पाणी प्यायचा की त्याच्या उशाशी सुरईऐवजी घागर असायची. तुपावर तहान लागते, आम्ही म्हणायचो. आम्हाला दुसरं काय सुचणार? आमच्याकडं लठ्ठ माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा, बस्स. त्याला रोग म्हणतात हे कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

आणि मल्लूच्या बाबतीत तर लठ्ठपणा हे देवाचं काम होतं. ती हकिकत त्यानं मला हसत हसतच सांगितली होती.

चार बहिणींच्या पाठीवर हा झाला, तो अगदी किडकिडीत. जगतो की मरतो अशी अवस्था. तेव्हा त्याच्या आईनं, तिला तो अव्वा म्हणायचा, पेठेतल्या महादेवाला नवस बोलला: पोर वाचलं तर लग्न होईपर्यंत दर श्रावणात त्याची गुळाची तुळा करीन. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ, तो गूळ गावाला वाटायचा. इथपर्यंत ठीक होतं. पण बाईमाणूस घाबरलेलं, शिवाय व्यापाऱ्याच्या घरातलं. देवाला कमी पडायला नको म्हणून तिनं पुढं जोडलं, 'दरसाल चढत्या वजनानं.' तान्ह्या पोराचं वजन दरसाल चढणारच, त्यात काय मोठं, असं तिला तेव्हा वाटलं असणार. पोर मोठं होतं, मग त्याचं वाढणं थांबतं, ही गोष्ट नवस बोलताना तिच्या ध्यानात आली नाही आणि नवस ऐकताना देवाच्याही आली नसावी.

मग काय, उंची थांबली तेव्हा रुंदी सुरू झाली. श्रावण जवळ आला की घरात मल्लूची पोसणी सुरू व्हायची. सकाळी दूध-तूप, दुपारी पुरणाची होळगी, संध्याकाळी गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली दाट खीर. तुळेचा गूळ गावाला वाटायचा असल्यामुळं गावही त्याच्या वजनाकडं डोळे लावून असे. "पोरं मला बघून देवाला हात जोडायची," मल्लू सांगायचा. "मल्लूला फुगीव म्हणायची. मी फुगलो की त्यांना मोठा खडा."

आम्ही पोट धरून हसलो होतो. तोही हसला होता, आणि हसून झाल्यावर त्यानं घागरीतून दोन तांबे पाणी पिऊन घेतलं.

रोगाचा शोध लागला तो असाच हसण्यावारी. केमिस्ट्रीच्या वर्गात हमीदसाहेब म्हणून शिकवायला होते. बारीक, सुरकुतलेले, शेरवानीची वरची गुंडी कायम उघडी. त्यांनी एकदा लघवीतली साखर कशी ओळखायची ते दाखवायचं ठरवलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. साखर नसली तर निळं ते निळंच राहतं. असली तर हिरवं होतं, पिवळं होतं आणि फार असली तर विटेसारखं लाल. साहेबांनी एका बाटलीत साखर मिसळून ती 'रोग्याची' म्हणून ठेवली होती. आता निरोग्याची कुणाची घ्यायची? सगळी पोरं एका आवाजात मल्लूचं नाव ओरडली. एवढा तगडा निरोगी दुसरा कोण होता?

मी मागच्या बाकावर होतो. साहेबांनी नळी दिव्यावर धरली, आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी नळी धुतली आणि पुन्हा केलं. मग रोग्याची नळी आणि निरोग्याची नळी शेजारी शेजारी धरून ते बघत राहिले. दोन्ही लाल होत्या. मल्लूची जास्त.

वर्गात टाळ्या पडल्या. गुळाच्या आडतीतलं पोर, आणखी काय निघणार, असं कुणीतरी म्हणालं. मल्लूनं उठून सगळ्यांना वाकून सलाम केला. हमीदसाहेब तेवढे हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी त्याला थांबवलं, त्याच्याबरोबर मीही थांबलो.

"बेटा, ये जियाबेतुस है, शक्कर की बीमारी," ते म्हणाले. "मेरे वालिद को थी. ये मारती नहीं, खाती है। आहिस्ता आहिस्ता. मीठा नक्को, घी नक्को, चावल नक्को. ज्वार की रोटी खाओ, भाजी खाओ, और रोज शाम को चलो. वजन उतारो. इत्ता कर लिए तो जी जाओगे."

सुईचं औषध, म्हणजे इन्शुलिन, मोठ्या दवाखान्यात मिळतं, पण ते बर्फात ठेवावं लागतं, रोज टोचावं लागतं आणि मिळेलच याचा भरवसा नाही, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे खरं औषध एकच उरलं, परहेज. हा शब्द मल्लूनं तिथंच उचलला आणि पुढं आयुष्यभर तोच वापरला. पथ्य म्हणाला नाही. पथ्य म्हटलं की आजारी वाटतं, परहेज म्हटलं की नवाब वाटतं, असं तो म्हणायचा.

मी पैजेवर सांगितलं असतं की हा चार दिवस टिकणार नाही. तो टिकला. जो माणूस डोळे मिटून लोणी खात होता तो आता डोळे उघडे ठेवून कोरडी भाकरी आणि मेथी खायला लागला. घरून डबा आला की तो डबा उघडायचा, एकदा वास घ्यायचा आणि आमच्यापुढं सरकवून बाहेर निघून जायचा. हॉस्टेलभोवती फेऱ्या मारायचा. आम्ही लाडू खात खिडकीतून बघायचो, तर हा झाडांखालून धापा टाकत चाललेला. त्याच्या अव्वाचं तूप त्या वर्षी आमच्या गालांवर चढलं. दर पंधरवड्याला तो हमीदसाहेबांकडं नळी तापवायला जायचा आणि लाल होती ती पिवळी झाली, पिवळीची हिरवी झाली असं येऊन सांगायचा. ज्या दिवशी निळी राहिली त्या दिवशी त्यानं मला मिठी मारली. पहिल्यांदाच त्याच्या पाठीमागं माझे हात एकमेकांना पोचले. घागरही गेली, सुरई आली. एवढा आनंदी मी त्याला नंतर कधी पाहिला नाही.

मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तो घरी गेला.

मीही वाटेत त्याच्याबरोबर उतरलो आणि पुढंही जातयेत राहिलो, म्हणून त्याच्या घरचा वृत्तांत डोळ्यांनी पाहिला. आडत पुढं आणि घर मागं, मधे फरसबंद अंगण, त्यात गुळाच्या ढेपांच्या थप्प्या. घरात शिरलं की अंगाला गुळाचा वास चिकटायचा तो दोन दिवस जायचा नाही. अव्वानं त्याला दारात पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. बहिणी सासरहून धावत आल्या. कुणी दृष्ट काढली, कुणी हैदराबादच्या पाण्याला शिव्या घातल्या. मल्लूनं अव्वाला समजावून सांगितलं की साखर अंगातून लघवीवाटे जाते, म्हणून साखर खायची नाही. हे सांगण्यात त्याची मोठी चूक झाली. तो गप्प बसला असता तर बरं झालं असतं. कारण अव्वानं त्यातला पहिला निम्मा भाग तेवढा घेतला.

"गोडी अंगातनं गळायलीय म्हणतोस," ती म्हणाली. "मंग भरून काढाय नको व्हय? पोत्याला भोक पडलं म्हंजी माल भरायचं बंद करत्यात का कुठं?"

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. या प्रश्नाला युनिव्हर्सिटीत उत्तर शिकवलेलं नव्हतं. आडत्याच्या घरात गळती म्हटलं की भरपाई, हे आईच्या दुधाबरोबर पाजतात. त्या दिवसापासून हुग्गीत गूळ दुप्पट पडायला लागला. तो नाही म्हणाला की अव्वा जेवायची नाही. ओरडणं नाही, भांडणं नाही. ती नुसती ताटावरून उठून भिंतीला टेकून बसायची. आईला उपाशी ठेवून भाकरी गिळणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. मल्लू दोन घास हुग्गीचे खायचा. मग चार. ती माऊली डोळे पुसून वाटी पुढं करायची. राग कुणाचा करायचा? मला तिचा राग यायचा आणि तिनं माझ्या ताटात तूप वाढलं की तोही विरघळून जायचा. प्रेमानं बांधलेल्या माणसाला सोडवायला कुणी जात नाही.

मल्लूच्या वडिलांना सगळी पेठ अप्पा म्हणे. उंच, सुकलेले, कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. बोलणं मोजकं. त्यांची सगळी अब्रू त्यांच्या काट्यात होती. 'काटा खोटं बोलत न्हाय, माणूस बोलतो,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाक्यावरचा जमादार एकदा त्यांच्याकडं गूळ घ्यायला आला आणि जरा झुकतं माप टाका म्हणाला. अप्पांनी बरोबर वजन करून दिलं, मग शेजारची एक अख्खी ढेप उचलून त्याच्या हातात ठेवली. ही फुकट न्या म्हणाले, पण काट्यातून नाही. शेतकरी तीन-तीन गावं ओलांडून आपला गूळ त्यांच्याकडं आणायचे ते यासाठीच. वजन सांगताना अप्पांनी आकडा उच्चारला की दुसऱ्यानं तपासायचा नाही, अशी रीत होती.

मल्लूनं अंगणात फेऱ्या मारायला सुरुवात केली तेव्हा अप्पांनी एकदाच तोंड उघडलं. "काम नसताना काय फिरतोस? रिकामा घाणा फिरवाय लागलास व्हय?" पेठेत लोक हसतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यात अक्कलकोटकडचं एक स्थळ आलं होतं. मुलीचा बाप मुलगा बघून गेला आणि निरोप आला की मुलगा अंगानं उतरलेला दिसतो, जरा भरला की बघू. म्हणजे बघा. लग्न झालं की नवस सुटणार. लग्न व्हायचं तर अंग भरायला पाहिजे. आणि अंग भरलं की हमीदसाहेब म्हणाले तसं आहिस्ता आहिस्ता. मल्लूनं मला हे बोटांवर मांडून दाखवलं आणि म्हणाला, "दत्तू, कुठल्या बी बाजूनं मोज, पारडं माझ्याच अंगावर येतंय."

त्या वर्षी तरी तो सुटला, पण सुट्टी संपल्यावरही तुळेपर्यंत अडकून पडून. श्रावणात वजन कसंबसं मागल्यापेक्षा एका ढेपेनं चढवून, तुळा करून हैदराबादला परतला तेव्हा नळी पुन्हा लाल झाली होती. हमीदसाहेबांनी कपाळाला हात लावला. मल्लूनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लाल, पिवळी, हिरवी.

निळी व्हायच्या आत हैदराबाद सुटलं. रझाकारांची धामधूम सुरू झाली, कॉलेजं ओस पडली, आम्ही मराठवाड्यातली पोरं मिळेल त्या वाटेनं घरी आलो. पुढं तर नळदुर्गाहून सोलापूरकडं जाणारा रस्ताच बंद झाला. मोटारी बंद, माल बंद. हद्दीपलीकडं सोलापूर, तिथं डॉक्टर होते, दवाखाने होते, सुईचं औषधही असेल. चांगल्या सडकेनं सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचावा एवढ्यावर. पण मधे हद्द. पेठेतली दुकानं अर्धी दारं लावून चालत. आमचं खेडं उठलं तेव्हा वडिलांनी मला अप्पांच्या आश्रयाला पाठवलं. मिळाली संधी की शेतांतून पलीकडं जायचं असं माझं ठरलं होतं. मल्लूला मी चल म्हणालो. एकुलता एक मुलगा अशा दिवसांत घर सोडून गेला तर अव्वा जगणार नाही, असं तो म्हणाला. ते खरंच होतं.

घरात आता तिघांना एकमेकांवर नजर ठेवण्यावाचून दुसरा उद्योगच नव्हता. आडत थंड होती. जाणारा माल अडकलेला, त्यामुळं अंगणात गुळाच्या थप्प्या छातीपर्यंत चढलेल्या, पावसाळी हवेनं पाझरायला लागलेल्या. मुंग्या आणि माश्या. फाटकाला दिवसाही अडसर. मल्लूला चालायला त्या थप्प्यांच्या मधली बोळकंडी तेवढी उरली होती. तिथं तो फिरायचा आणि अव्वा स्वयंपाकघराच्या दारातून वाटी घेऊन बघत राहायची. तिलाही आता भीती होती. चोहोकडं गावं उठताहेत, अशात देवाचा नवस चुकला तर? तिला वाटे, आपलं घर अजून शाबूत आहे ते त्या चढत्या वजनावरच. वेड्यासारखं वाटेल, पण त्या दिवसांत माणसं असल्याच आधारावर जगत होती.

आणि मल्लूनं, सांगायला हवं, त्या वर्षी हट्टानं परहेज पाळलं. ताटातली हुग्गी तो गपचूप पदराआड, म्हणजे पंच्याआड घ्यायचा आणि मागच्या गोठ्यात गाईला नेऊन घालायचा. गाय फुगत चालली. मल्लू उतरत चालला. मग श्रावणातला शेवटचा सोमवार आला.

त्या सकाळी त्यानं मला बोलावून सदरा वर करून दाखवला. कमरेला एक लांब कापडी पट्टा गुंडाळलेला, त्यात आडतीतली लोखंडी वजनं एका ओळीत शिवलेली.

"देवाला फसवतोस?" मी विचारलं.

"देवाला कळतंय सगळं," तो म्हणाला. "अव्वाला कळू नये म्हंजी झालं."

वेळच अशी होती की तुळा देवळात न करता आडतीतच, बंद फाटकाआड करायची ठरली. पेठेतले पंधरावीस लोक आणि मुक्कामाला अडकलेले काही शेतकरी जमले. तुळईला मोठा काटा टांगलेला, अप्पा दांडीपाशी उभे. मल्लू धोतर सावरत पारड्यात मांडी घालून बसला. दुसऱ्या पारड्यात गडी एकेक ढेप ठेवत होते आणि अव्वा पदर धरून मोजत होती. गेल्या वर्षीचा आकडा तिला पाठ होता. त्याला दोन ढेपा कमी होत्या, तोच मल्लूचं पारडं जमिनीवरून उचललं आणि वर तरंगायला लागलं.

अव्वाचे ओठ मोजता मोजता तसेच उघडे राहिले. मल्लूनं मान खाली घातली. त्याची वजनं कमी पडली होती. त्याचा स्वतःचा अंदाज चुकला होता; तो स्वतःला वाटलं होतं त्याहून जास्त उतरला होता.

तो अवघडून जरा हलला आणि पारड्याच्या साखळीवर लोखंडाचा आवाज झाला. बारीकसा. मी ऐकला. ज्यांनी उभा जन्म काट्याशी काढला त्या अप्पांनी ऐकला नसेल असं होणारच नव्हतं. ते पुढं झाले, मुलाचं धोतर नीट करतोय असं दाखवून वाकले आणि त्यांचा हात त्याच्या कमरेवर गेला. तिथं थांबला. कशाची वजनं, किती वजनं, हे त्या बोटांना न बघता समजत होतं. बाप आणि मुलगा एकमेकांकडं बघत होते. अप्पांनी हात कमरेवरून काढला, तो मुलाच्या छातीवरून फिरवला. सदऱ्याखालच्या फासळ्या त्या हाताला पहिल्यांदाच लागल्या असाव्यात. या माणसानं जमादाराला झुकतं माप दिलं नव्हतं.

अप्पा सरळ उभे राहिले.

"जरा थांबा," ते म्हणाले. "काट्याला पासंग हाय."

काट्याची दोन पारडी रिकामी असताना सारखी नसली, तर हलक्या बाजूला धोंडा-बिंडा टाकून ती सारखी करतात. तो पासंग. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरत नाही म्हणतो आपण, तोच हा. ज्याच्या काट्याला पासंग त्याचं आजवरचं सगळं माप संशयाचं. आडत्यानं चारचौघांत हे म्हणणं म्हणजे आपल्या हातानं आपल्या तोंडाला काळं फासणं.

एक म्हातारा शेतकरी पुढं आला. त्याच्या तीन पिढ्यांचा गूळ त्या काट्यावर चढला होता. "अप्पा, तुमच्या काट्याला?" त्यानं विचारलं. "पारडी रिकामी करून बघू या की."

"बघायचं काय त्यात? म्या सांगतोय न्हवं?" अप्पा म्हणाले. "व्हय, माझ्याच काट्याला. लई दिसांपासनं असंल."

आणि अंगणातला एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मुलाच्या पारड्यात, त्याच्या मांडीशी ठेवला. पारडं खाली बसलं. गड्यांनी दोन ढेपा चढवल्या, मग तिसरी. काटा सरळ झाला. अव्वा तिथंच जमिनीला कपाळ टेकून रडायला लागली. चढलं, चढलं, एवढंच ती म्हणत होती.

गूळ वाटला. लोकांनी घेतला, पण दरवर्षीसारखं कुणी गप्पा मारत रेंगाळलं नाही. म्हातारा शेतकरी जाताना अप्पांच्या पाया पडला नाही, नुसता हात जोडून गेला. अव्वा पहिला खडा मल्लूला भरवायला आली तेव्हा त्याचा सोमवार आहे, उपास मोडू नको, असं अप्पांनी तिला सांगितलं. मल्लू सोमवार करत नसे.

संध्याकाळी मल्लू मला म्हणाला, "पुढल्या साली ह्याच्यावर आणखी एक ढेप लागंल, दत्तू. त्या धोंड्यासकट चढतं."

पुढल्या साली तुळा झाली नाही. निजामाचं राज्य गेलं, रस्ते उघडले, आणि त्यानंतरच्या थंडीत मल्लूच्या पाठीला काळपुळी झाली. रोग आधीच आतून खाऊन बसला होता, जखम भरेना. सोलापूरला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. मी तेव्हा पुण्याकडं होतो. मला हे कळलं तेही कुणाकडून तरी, बोलता बोलता. अप्पांच्या आडतीबद्दलही कळलं. शेतकऱ्यांनी हळूहळू गूळ दुसरीकडं न्यायला सुरुवात केली होती, आणि अप्पांनी कुणालाही खरं काय ते सांगितलं नाही.

मी मल्लूला शेवटचं पाहिलं ते तुळेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. पलीकडं जाणारी माणसं मिळाली होती, मागच्या गोठ्याच्या दारानं निघायचं होतं. निरोप घ्यायला मी अंगणाच्या तोंडाशी आलो. तुळईचा आकडा रिकामा होता. काटा उतरवून भिंतीशी उभा करून ठेवला होता, साखळ्या गुंडाळून. थप्प्यांमधल्या बोळकंडीत मल्लू फेऱ्या मारत होता. त्याच्या पुढं, डोक्याला पटका नाही, अंगात नुसती बंडी, असे अप्पा चालत होते. त्यांना त्या वयात तो वेग झेपत नव्हता. वळणावर ते एका हातानं थप्पीचा आधार घ्यायचे, हात चिकट व्हायचा, तो बंडीला पुसायचे आणि पुढं निघायचे. मल्लूनं मला पाहिलं, हात वर केला, पण थांबला नाही.

स्वयंपाकघराच्या दारातून अव्वानं हाक मारली. हुग्गी गार व्हायलीय, म्हणाली.

"होऊ दे गार," अप्पांनीच उत्तर दिलं. "आमचं चालणं व्हायचंय अजून."

ते थप्पीआड वळले. मी गोठ्याचं दार ओढून घेतलं आणि माणसांच्या मागं शेतात उतरलो.